भाषा : इतर

फॉर्मवर तीन चौकोन होते,
कन्नड, हिंदी, इंग्लिश,
आणि अगदी खाली एक बारका : इतर.
जोतिबानं त्यात टिचकी मारली.
मी सही केली, यल्लूबाई परशराम हुंदरे,
येळ्ळूरच्या शाळेतल्या अक्षरात.
शेवटचा रे रेघेच्या बाहेर गेला.

डॉक्टर म्हणाले, यकृत.
गावात पोचेस्तोवर त्याचं लिव्हर झालं
आणि लिव्हर म्हटल्यावर सगळ्यांच्या माना
आमच्या मालकांकडं वळल्या.
ते सुपारीसुद्धा खात नाहीत.
रोज भिंत धरून घरी येतोय तो धाकटा दीर,
त्याचं सगळं ठणठणीत हाय.

माझंच अंग माझ्याच पित्ताच्या नळ्या कुरतडतंय म्हणे.
डॉक्टरांनी कागदावर झाडाच्या फांद्या काढून दाखवल्या.
फांद्या पटल्या.

गोळी सकाळी एक.
खोक्यात घडीची चिठ्ठी, उलगडली तर पाटाएवढी,
त्यात मला वाचता आला तो एक फोन नंबर.

गुरुवारी अकराला तिकडनंच फोन आला.
धारवाडची पोरगी, दीपा अंगडी.
तिचं मराठी माझ्या कन्नडसारखंच,
उलट्या पायात घातलेल्या चपला,
खरं चालतंय.
"अव्वा, गोळी घेतला?"
घेतली, बाई.
"खाज किती? शून्य ते दहा?"

खाजेला आकडा असतोय हे मला काय ठाऊक.
मी म्हटलं, भात मळल्यावर कूस लागते बघ,
गळ्यात, कोपराच्या वळीत,
आणि आंघोळीचं पाणी अजून तापायचं असतंय,
तशी. खरं कातडीच्या आत.
रात्रभर आत मळणी.
मी फरशीवर तळपाय घासत बसते
आणि मालक झोपल्याचं सोंग करतात.
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही,
मग बटणं वाजली.
"एळु. अंद्रे सात. सात लिहिते."

तिसऱ्या आठवड्यात मी गोळी सोडली.
पोटात ढवळायचं,
आणि शेजारची रुक्मव्वा म्हणाली, पाला घे,
मच्छेत एक जण नाकात थेंब घालतोय, सात दिवसांत माणूस उभा.
दीपाला खोटं सांगता आलं असतं.
ती मला दिसत नाही, मी तिला नाही.
मी नुसती गप्प बसले
तर तिनं तेवढ्यावर ओळखलं.
ओरडली नाही. "डॉक्टरांना विचारते. तोवर पाला नको, अव्वा."
दुपारी परत फोन : जेवून घ्या, रक्त उद्याच द्या.
आणि ठेवता ठेवता, बारीक आवाजात,
"माझी आई पण सोडली होती."
पुढं काय झालं
ते विचारायला माझ्या तोंडाला सुचलं नाही.

तिनं मला तुरिकी दिली, म्हणजे खाज.
मी तिला कूस दिली.
त्याच महिन्यात शहरात पाट्यांवरनं परत पेटलं,
बस वडगावलाच थांबली,
आम्ही दोघं तिथनं चालत गेलो रक्त द्यायला.
नळीवर नाव चिकटवणाऱ्या बाईनं
हुंदरेचं हुंडरी केलं.
मी काही बोलले नाही. रक्त माझंच होतं.

सहा महिन्यांनी योजना संपली.
गोळी नाही संपली, ती आता विकत,
जोतिबाच्या ओव्हरटाइमवर.
संपली ती दीपा.

गुरुवारी अकराला फोन वाजतोय अजून.
मी हातातली विळी बाजूला ठेवते, पदराला हात पुसते.
टेप असतेय.
कन्नडसाठी एक. हिंदीसाठी दोन.
तो बारका चौकोन यंदा त्यांनी काढून टाकलाय.
मी दोन दाबते.
खाज किती, शून्य ते नऊ.
तीन दाबते.
मग तोंड फोनाजवळ नेऊन सांगते,
कडिमी आग्येद, तंगी.

तिकडं जरा शांत होतंय,
कुणीतरी लिहून घेत असल्यासारखं.
मग धन्यवाद, हिंदीत.